छोटा अड्डा टिकतो का, अन् त्यात सगळे येतात का?

नांदेडहून तिघी मैत्रिणींचा प्रश्न आलाय. तिघी कॉम्प्युटर शिकलेल्या, मोठ्या प्लॅटफॉर्मचा वैताग आलेला, शिव्या, जाहिराती, रीलचा मारा, म्हणून मराठवाड्यापुरता एक छोटा सोशल मीडिया आपणच काढावा असं त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचं म्हणणं असं की असले छोटे पर्याय खरंच वर्षानुवर्षं टिकतात का, अन् त्यात सगळ्या जातीधर्माचे, शिकलेले-न शिकलेले, खेड्यातले-शहरातले येतात का, का शेवटी आपल्यासारखेच शंभर जण एकमेकांना लाइक करत बसतात? खाली लिहिलंय, "दादा, उगं उमेद वाढवू नका, खरं काय ते सांगा."

तर ताई, खरं सांगतो. टिकतात. वेगवेगळे लोक पण येतात. पण या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात, एक सांभाळायला गेलं की दुसरी सुटते, अन् बहुतेक लोक टिकण्याच्या नादात सगळे एकसारखे गोळा करून बसतात. मी मूळचा परभणीचा, ऑर्कुटच्या जमान्यात एका कम्युनिटीचा मॉडरेटर, म्हणजे पोस्टवर अन् भांडणांवर लक्ष ठेवणारा, होतो, मग गूगल प्लसवर एक चालवली, मग २०१९ ला मॅस्टोडॉनचा (ट्विटरसारखंच, पण कुणालाही आपला सर्व्हर टाकता येतो असं) सर्व्हर टाकून बघितला, अन् २०२० पासून आमचा एक छोटा अड्डा चालू आहे. चौदाशेच्या आसपास खाती, त्यातले आठवड्याला बोलणारे दोनशे. म्हणजे मी काही मोठा माणूस नाही, पण चुका भरपूर केल्यात अन् त्याच सांगतो.

पहिली गोष्ट, रागावून आलेली गर्दी मोजू नका. नोव्हेंबर २०१९ ला बघा, सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, त्यावरनं इथं लई संताप झाला, त्याच सुमाराला ट्विटर जात बघून वागतं असं पण लोक उघड म्हणायला लागले, अन् हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. मी पण त्याच लाटेत सर्व्हर टाकला. पहिल्या आठवड्यात वाटलं आता क्रांतीच. दुसऱ्या महिन्यात माझ्या सर्व्हरवर मी, माझा मामेभाऊ अन् अजून एक जण जो रोज फक्त "शुभ सकाळ" टाकायचा. पुढं ऑक्टोबर २०२२ ला मस्कनं ट्विटर घेतलं तेव्हा तेच जगभर झालं, मॅस्टोडॉनचे महिन्याला वापरणारे पंचवीस लाखांपर्यंत चढले अन् काही महिन्यांतच त्यातले बरेच परत गेले. थ्रेड्सनं जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत दहा कोटी खाती उघडली, त्यांच्यामागं इन्स्टाग्राम होतं म्हणून ते तगले, आपल्यामागं कोण आहे? रागानं माणूस घर सोडतो खरं, पण राग उतरला की त्याला भूक लागते, अन् जेवण जिकडं असतं तिकडं तो परत जातो. ज्याचे पाचशे ओळखीचे ट्विटरवर आहेत तो तुमच्याकडं एकटा बसून काय करणार?

अन् पैसा ओतला म्हणून पण टिकत नाही. कू आठवतंय ना, ट्विटरसारखं देशी ॲप? मार्च २०२० ला आलं, मराठीत लिहिता यायचं, त्याच वर्षी सरकारी आत्मनिर्भर ॲप स्पर्धा जिंकलं, मंत्री आले, मोठ्या गुंतवणूकदारांनी पैसे लावले, शिखरावर असताना दिवसाला वीस लाखांच्या वर लोक वापरत होते असं त्याच्या संस्थापकांनीच लिहिलंय. जुलै २०२४ ला बंद. विकायची बोलणी फसली अन् रोजचा खर्च झेपेना. मला त्यांच्यावर हसायचं नाही, त्यांनी मराठीसाठी बरंच केलं. पण मला एक दिसलं की त्याला ना छोटं राहता आलं ना मोठं होता आलं. छोट्याला कमी लागतं, मोठ्याला जाहिराती मिळतात, मधला फसतो. आमच्याकडं म्हणतात ना, धड ना कोरडवाहू धड ना बागायती, तसलं.

आता टिकलेलं बघायचं तर आपल्याच भाषेत आहे की. मायबोली ही मराठी वेबसाइट १९९६ पासून चालू आहे. म्हणजे ऑर्कुटच्या आठ वर्षं आधी. ऑर्कुट २००४ ला आलं, सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस २०११ ला आलं अन् २०१९ ला सामान्य लोकांसाठी बंद झालं, मागं गूगलसारखी कंपनी असून. अन् मायबोली, २००७ चं मिसळपाव, २०११ चं ऐसी अक्षरे ही अजून आहेत. कामून टिकली? माझ्या मते कॅलेंडर. गणपतीत उपक्रम, दिवाळीत अंक, मधे पाककृतीच्या स्पर्धा, गावोगावचे कट्टे. माणसाला दरवर्षी परत यायला कारण मिळतं, अन् नुसतं वाचायला नाही, काहीतरी करायला. कुणी मुद्रितशोधन करतंय, कुणी चित्रं काढतंय, कुणी लेखकाच्या मागं लागून लेख आणतंय. काम वाटून घेतलेल्या माणसाला सोडून जाताना जरा लाज वाटते, एवढं साधं आहे ते.

पण माझ्या नजरेला तिथला बराचसा लिहिणारा वर्ग शहरातला, नोकरदार, परदेशात गेलेला. ते चूक नाही, ज्यांच्याकडं तेव्हा कॉम्प्युटर अन् बरहासारखं मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर होतं तेच लिहिणार ना. १९९६ ला आमच्या गावात फोन पंचायतीत एक होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं अन् मोबाइलवर देवनागरी कीबोर्ड आले तेव्हा खरं तर सगळ्यांसाठी दार उघडलं, पण तोवर सगळी गर्दी व्हॉट्सॲप अन् यूट्यूबवर गेलेली.

आता माझी चूक ऐका. आमचा अड्डा सुरू केला तेव्हा पहिले त्रेचाळीस जण मीच जमवले. सगळे पोरं. त्यातले तीसेक इंजिनिअर. निम्मे दोन कॉलेजचे. अन् आडनावं बघितली तर तुम्हाला पाच मिनिटात कळलं असतं की कुठल्या कुठल्या गल्लीतनं आलेत. मी मुद्दाम नाही केलं, ज्याला ज्याला ओळखत होतो त्याला बोलावलं, अन् माणूस ओळखतो कुणाला? पहिले सहा महिने लई मजा आली. एकमेकांचे विनोद कळायचे, भांडण नाही, काही नाही. मला वाटलं जमलं. मग एक दिवस जिंतूरची एक शिक्षिका आली, दोन दिवस वाचलं अन् मला मेसेज टाकला, "सर, हा तुमचा पार आहे. पारावर बायका बसत नसतात." अन् गेली.

ती बरोबर होती बघा. गावात दोन जागा असतात. एक पार, पिंपळाखालचा, तिथं कोण बसणार हे ठरलेलं असतं, कुणी पाटी लावलेली नसते तरी सगळ्यांना कळतं. अन् दुसरी जागा म्हणजे आठवडी बाजार. बाजारात मातंग, मुसलमान, वंजारी, मराठा, लमाण, मारवाडी, म्हाताऱ्या, पोरी, सगळे येतात, अन् एकमेकांवर प्रेम आहे म्हणून येत नाहीत. याच्याकडं मिरची असते, त्याच्याकडं दोरखंड. सगळे छोटे प्लॅटफॉर्म पार बांधतात अन् मग वरतून पाटी लावतात "सर्वांचे स्वागत आहे". असं स्वागत करून कुणी येत नसतं. समोरच्याकडं असं काहीतरी पाहिजे जे माझ्यासारख्या दहा जणांकडं नाही, अन् मला ते रोज लागतं, असं झालं तर येतात.

आमच्याकडं ते सोयाबीननं केलं. मी ठरवून केलं असं नाही, खोटं कशाला बोलू. एका पोराच्या बापानं विचारलं होतं की लातूरचा आजचा भाव कुणी सांगेल का, तर एकानं टाकला. दुसऱ्या दिवशी परत. मग मी त्याचा रोजचा एक धागाच करून टाकला, "आजचा मोंढा". हिंगोलीचा भाव, लातूरचा, जालन्याचा. महिनाभरात तिथं असे लोक यायला लागले जे मला आयुष्यात सापडले नसते. आडत दुकानातला एक मुनीम, एक हमाल, परभणीच्या कृषी विद्यापीठातली एक पोरगी, बचत गटाच्या दोन बाया. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता अन् बाजारात त्याच्या बराच खाली चाललेला, अन् हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्यावरनं माल परत पाठवायले. आधी १२ टक्क्यांची अट, नोव्हेंबरात ती १५ केली. तेव्हा आमच्या धाग्यावर जी चर्चा झाली ती मी कुठल्या पेपरात वाचली नाही: शेतकरी म्हणतो मी चार दिवस वाळवलं तरी मशीन सोळा दाखवतं, हमाल सांगतो की पोत्याच्या कुठल्या भागातनं नमुना काढलाय ते बघ, बुडातलं ओलं असतं, विद्यापीठातली पोरगी सांगते मशीन कसं मोजतं अन् गरम दाण्यावर आकडा कसा चुकतो, अन् बचत गटाची बाई म्हणते ते सगळं सोडा, बारदाना कुठं मिळायला ते सांगा आधी. या चौघांची आडनावं चार बाजूंची. कुणी कुणाला "विविधता" शिकवली नाही. हमालाला जे माहीत आहे ते इंजिनिअरला माहीत नव्हतं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल आम्ही काय भाव टाकत बसायचं का. तुमचं तुम्ही शोधा. नांदेडला तर केवढं आहे. धर्माबाद-बिलोली-देगलूर पट्ट्यात तेलुगू बोलणारे, गुरुद्वाऱ्यामुळं पंजाबी, किनवटकडं गोंड अन् कोलाम, शहरात दखनी, हैदराबादला दवाखान्याला जाणारे तर रोज. हैदराबादच्या दवाखान्यात कुठं उतरायचं, किती पैसे लागतात, कागदं कुठली, हा एकच विषय घेतला तरी सगळ्या समाजाचा माणूस येईल, आजार काही जात बघून येत नाही. (ते काढलंत तर एक डॉक्टर ओळखीचा ठेवा, नाहीतर तिथं जडीबुटीवाले बसतील पहिल्या आठवड्यात.)

मग आवाज. हे मला उशिरा कळलं. छत्तीसगडमध्ये २०१० ला सीजीनेट स्वर नावाचं सुरू झालं, साधा फोन लावायचा, आपली गोष्ट बोलायची, ती ऐकून-तपासून बाकीच्यांना ऐकायला ठेवायचे. गोंडीत बोललेलं पण. इंटरनेट नको, लिहिता यायला नको. मी ते वाचून कधीच विसरलो होतो. मग आमच्याकडं तांड्यावरच्या एक काकी, बीड जिल्ह्यातल्या, दसऱ्यानंतर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या, त्यांच्या पोरीच्या खात्यावरनं बोललेलं टाकायच्या, निम्मं मराठी निम्मं गोरमाटी (लमाणांची बोली), अन् आमचं सॉफ्टवेअर दोन मिनिटांच्या वर आवाज घेत नव्हतं. काकी दोन मिनिटात फक्त रामराम संपवायच्या. ती मर्यादा दहा मिनिटं केली अन् बोललेलं लिहून काढायला तीन पोरं बसवली, रोजचं अर्धा तास काम. त्या एका बदलानं जेवढे वेगळे लोक आले तेवढे माझ्या दोन वर्षांच्या पोस्टरबाजीनं आले नव्हते. आता दिवाळीच्या पुढं आमच्याकडं "टोळी कुठं पोचली" म्हणून धागा असतो, कोण सांगलीकडं, कोण कर्नाटकात, मुकादमानं उचल किती दिली, पोरांना हंगामी वसतिगृहात जागा मिळाली का, असलं सगळं. एप्रिलपर्यंत तो धागा चालतो अन् मग शांत होतो. सुरुवातीला मला वाटायचं एप्रिलात आकडे पडले, आता लोक चालले. लोक कुठं चालले नाहीत, घरी आलेत. आपल्याकडचा आलेख हंगामासारखा वरखाली होतो, दर महिन्याला वाढ दाखवा म्हणणारा माणूस तुमच्यात असला तर त्याला जूनमध्ये पेरणीला पाठवा.

आता नावाचं बोलू, कारण हे पुण्या-मुंबईचे सल्लागार तुम्हाला उलटं सांगतील. ते म्हणतील खरं नाव बंधनकारक करा, म्हणजे ट्रोल येत नाहीत. आपल्याकडं आडनाव म्हणजे अर्धी कुंडली आहे. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवर फक्त पहिलं नाव ठेवायला लावलं, आठवत असेल, का तर आडनाव बघून लोक आधीच ठरवतात हा आपला का त्यांचा. जिल्ह्याच्या पोलिसांना जे करावं लागलं ते तुमच्या अड्ड्यावर आपोआप होईल असं समजू नका. आम्ही फक्त पहिलं नाव अन् गाव ठेवतो, फोन नंबर आमच्याकडं असतो पण कुणाला दिसत नाही. ट्रोलचा बंदोबस्त फोन नंबरनं होतो, आडनावानं फक्त उत्तर देणाऱ्याचा सूर बदलतो. आधी आडनाव दिसायचं तेव्हा एकाच तऱ्हेच्या प्रश्नाला दोन तऱ्हेची उत्तरं मिळताना मी डोळ्यानं बघितलीत.

अन् "राजकारण नको" हा नियम. माझी सगळ्यात मोठी चूक ही. २०२१ ला एका भांडणानंतर मी तो टाकला अन् लई खूश झालो, शांतता पसरली. मग जानेवारीच्या १४ तारखेला एका पोरानं नामविस्तार दिनाच्या शुभेच्छा टाकल्या. तुम्हाला माहीतच आहे, १९९४ ला याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागून नामविस्तार झाला, त्याच्या आधी सोळा वर्षं काय काय झालं, किती घरं जळाली. त्या पोस्टवर अकरा तक्रारी आल्या, "राजकीय आहे". आमच्या मॉडरेटरनं नियमाप्रमाणं काढून टाकली. महिन्यानं शिवजयंतीच्या शुभेच्छा आल्या, शंभरेक, तक्रार एक पण नाही. तो पोरगा मला म्हणाला, "दादा, तुमच्यासाठी राजकारण आहे, आमच्या घरात त्याच्यात माणूस गेलाय." मी काय बोलणार? नियम सगळ्यांना सारखा होता अन् तरी तो एकाच्याच अंगावर पडला. तो पोरगा थांबला, आज तोच आमचा मॉडरेटर आहे, पण त्याच्याबरोबरचे सात-आठ जण गेले ते परत आले नाहीत.

आता नियम असा आहे की राजकारण चालतं पण हळू चालतं. तापलेल्या धाग्यावर एका माणसाला तासाला एकच उत्तर. बस. सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला अन् पुढची दीड वर्षं मराठवाड्यात आरक्षणावरनं जे वातावरण होतं ते तुम्ही पण बघितलंय, वर्षानुवर्षांचे शाळेचे व्हॉट्सॲप ग्रुप फुटले, एकाचे दोन झाले. आमच्याकडं पण पन्नासेक लोक गेले. पण अड्डा फुटला नाही, अन् त्याची कारणं मला दोनच दिसतात: एक तर तासाला एक उत्तर म्हटल्यावर माणूस जरा विचार करून लिहितो, अन् दुसरं, संध्याकाळी त्याच दोघांना मोंढ्याच्या धाग्यावर एकमेकांकडनं भाव विचारायचा असतो. दोन्ही बाजूंचे मॉडरेटर पण होते, ते विसरलो. मॉडरेटर स्थानिकच पाहिजे हे मी २०१९ लाच शिकलो. कुठल्या शब्दात शिवी नाही पण शिवी आहे, कुठल्या गावाचं नाव घेतलं की कुणाला टोमणा बसतो, हे जर्मनीत का बंगळुरात बसलेल्या माणसाला कसं कळणार? मोठ्या कंपन्यांपेक्षा छोटा अड्डा ज्या एका गोष्टीत खरोखर भारी ठरू शकतो ती हीच, बाकी सगळ्यात ते आपल्या पुढं आहेत.

बायकांचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आम्ही एवढंच केलं की नवीन खात्याला पंधरा दिवस कुणालाही खासगी मेसेज टाकता येत नाही, अन् नंतर पण समोरच्यानं आधी उत्तर दिल्याशिवाय दुसरा मेसेज जात नाही. "हाय डिअर" वाले चौथ्या दिवशी कंटाळून गेले. जिंतूरच्या त्या बाई वर्षानं परत आल्या, ते पुढं सांगतो.

सॉफ्टवेअरवर मला जास्त बोलायचं नाही, तुम्ही त्यातल्याच आहात. मॅस्टोडॉन टाकणार असाल तर बाहेरच्या सर्व्हरवरचे फोटो-व्हिडिओ आपल्या डिस्कवर साठत जातात, ते दर काही दिवसांनी साफ करायला लावा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात डिस्क भरून सगळं ठप्प. सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात हा फायदा आहेच, एक बंद होणार असला तर तो चालू आहे तोवर लोक दुसरीकडं खातं हलवू शकतात, पण जुन्या पोस्ट बरोबर जात नाहीत हे लोकांना आधी सांगा. अन् मराठी शोध चालतो का ते पहिल्या दिवशी तपासा, "सोयाबीन" टाकल्यावर "सोयाबीनचा" असलेली पोस्ट सापडली पाहिजे. नाही सापडली तर तुमची सगळी माहिती म्हणजे कणगीत टाकलेलं अन् वर झाकण बसवलेलं धान्य.

पैशाचं मात्र नीट ऐका. आमचा खर्च महिन्याला साडेतीन-चार हजार, आधी मी एकटा भरायचो अन् मला त्यात मोठेपणा वाटायचा. ऑक्टोबर २०२१ ला कार्डावरनं दर महिन्याला आपोआप पैसे जायचे नियम बदलले, माझ्या कार्डावरची कपात थांबली, होस्टिंगवाल्यांचे मेल येत राहिले ते मी बघितलेच नाहीत, वडील दवाखान्यात होते, अन् एका रात्री सर्व्हर गेला. नऊ दिवस बंद. बॅकअप सव्वा महिना जुना. त्या सव्वा महिन्यात काकींची अकरा बोललेली पोस्ट होती, ती गेली ती गेलीच, अन् त्यांना फोन करून सांगताना मला जे वाटलं ते कुठल्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवत नाहीत. मग बचत गटाच्या बायांनी मला शिकवलं. त्या म्हणल्या भिशी करा. चाळीस जण, महिन्याला शंभर रुपये, यूपीआयवर, हिशोब दर पाच तारखेला सगळ्यांपुढं. मेटाफिल्टर नावाचं अमेरिकेतलं १९९९ पासूनचं ठिकाण आहे, तिथं २००४ पासून नवीन माणसाकडनं एकदाच पाच डॉलर घ्यायचे, तेवढ्यानं भुरटे बाहेर राहायचे. मी ते करून बघितलं नाही, आमच्या हमालाकडनं दाराशी पैसे मागायला मला जीभ उचलली नाही. ज्याला झेपतं तो भिशीत भरतो, बाकीचे फुकट. अन् जाहिरात घेऊ नका, खताच्या दुकानाची एक जाहिरात घेतली अन् त्या दुकानावर टीका करणारी पोस्ट आली तर तुम्ही काय करणार ते आत्ताच ठरवा. कायद्याचं पण बघून घ्या, २०२१ चे आयटी नियम छोट्यांना पण लागू आहेत, तक्रार अधिकारी कोण अन् त्याचा पत्ता काय ते साइटवर टाकावं लागतं, पन्नास लाखांच्या वरच्यांना फक्त जास्तीचे नियम आहेत. तुमच्यापैकी एकीचं नाव तिथं जाणार, तर घरी आधी बोलून ठेवा.

तुमची खरी टक्कर ट्विटर-इन्स्टाशी नाहीच, व्हॉट्सॲपशी आहे. २०२२ पासून एका ग्रुपात १,०२४ लोक मावतात, फुकट, प्रत्येकाच्या फोनात आधीच. तुमच्याकडं माणूस फक्त त्यासाठी येईल जे व्हॉट्सॲपात वाहून जातं. मागच्या सालचा भाव, त्या दवाखान्याचा अनुभव, कुठल्या तालुक्यात कुठला दाखला कसा मिळाला. म्हणून पहिलं वर्ष गर्दी वाढवू नका, जुनं सापडेल असं लावून ठेवा. कितीची गर्दी बरी हे मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, मॉडरेटरला ज्यांची भांडणं आधीपासून माहीत आहेत तेवढी. आमच्यासाठी ते दोनशे बोलणारे. तीनशे झाले होते एकदा, एका यूट्यूबवाल्यानं आमच्यावर व्हिडिओ केला तेव्हा, अन् त्या महिन्यात माझी झोप गेली, मॉडरेटर पोरांनी राजीनामे द्यायची भाषा केली. मग दोन महिने नवीन खाती बंद ठेवली. सोयीचं नव्हतं पण केलं.

तर तुम्ही काय करावं? डोमेन घेऊ नका अजून. तिघीत एक वही घ्या अन् पहिल्या पन्नास जणांची नावं लिहा. त्यात तुमच्या कॉलेजचे दहाच्या वर नकोत. देगलूरचे पाच, किनवटचे पाच, इतवाऱ्यातल्या पाच बाया, एक तरी माणूस ज्याला लिहिता येत नाही. मिळत नसतील तर थांबा, सहा महिने लागले तरी चालतील, कारण पहिले पन्नास ज्या तऱ्हेनं बोलतात तीच तऱ्हा पुढं अड्ड्याची होते, नंतर आलेला माणूस दारात उभं राहून ऐकतो अन् ठरवतो हे आपलं आहे का नाही. मला ते त्रेचाळीस जणांचं वळण मोडायला तीन वर्षं लागली अन् अजून कधीमधी डोकं वर काढतं.

अन् पासवर्ड. नऊ दिवस बंद पडल्यावर मी कान धरले, आता सर्व्हरच्या चाव्या तिघांकडं आहेत, एक माझ्याकडं, एक नामविस्तारवाल्या पोराकडं, अन् एक जिंतूरच्या त्या शिक्षिकेकडं. त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून शाळेच्या कपाटात ठेवलाय, पाकिटावर लिहिलंय "पाराची किल्ली". मी म्हणलं मॅडम आता तरी बाजार म्हणा की, तर म्हणल्या, "बघू अजून."